अठरा लाखांत मागची सीट

या वेळची गाडी मागच्या सीटवरून निवडायची, हे आमच्या घरात आधीच ठरलं होतं. पुढे मी आणि बायको. आम्हाला काहीही चालतं. मागे आई-बाबा आणि मधे लेक. बाबांची पाठ कमरेपाशी कायमची धरलेली, आईचे दोन्ही गुडघे झिजलेले. रस्ताही ठरलेला, पुणे ते सांगली: खंबाटकीचा घाट, पुढे सहापदरीकरणापायी ठिकठिकाणी सर्व्हिस रोडवर उतरवणारी वळणं, आणि पेठ नाक्यावरून आत शिरल्यावर सांगलीपर्यंतचा शेवटचा टप्पा. जुन्या हॅचबॅकमधून जाताना कराडला चहाला थांबलो की बाबा गाडीच्या टपाला धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, "एस्टीनं आलो असतो तर मधे उठून उभं तरी राहता आलं असतं."

बजेट अठरा लाख, आणि बघत होतो वापरलेल्या गाड्या. त्यात सगळंच बसवायचं होतं: गाडी, ती नावावर करणं, विमा, टायर आणि घेतल्या घेतल्या जे काही निघेल ते. म्हणजे खरेदीचा आकडा पंधरा-साडेपंधराच्या वर नेता येणार नव्हता. जुनी आलिशान गाडी घेणारे बहुतेक जण इथेच फसतात, असं माझं मत झालंय. भाव उतरलेला असतो तो गाडीचा, तिच्या सुट्या भागांचा नव्हे. पस्तीस लाखांची गाडी दहा वर्षांनी बारा लाखांना मिळते. तिचा शॉकअप मात्र पस्तीस लाखांच्या गाडीचाच राहतो आणि त्याच भावानं येतो.

सल्ला सगळ्यांचा एकच. "इनोव्हा घे, डोळे मिटून." सल्ला वाईट नाही, ती गाडी पुन्हा विकायला सोपी, सांगलीतला कुठलाही मेकॅनिक तिला ओळखतो. पण शेजाऱ्यांच्या इनोव्हात आईला बसवून पाहिलं, तेव्हा पाय उचलून आत ठेवायला तिला वरचं हँडल आणि माझा खांदा, दोन्ही लागले. उतरताना तर तिनं आधी खाली पाहिलं, मग माझ्याकडे. उंच गाडी घाटात डोलते, तेही बाबांना सोसत नाही.

मग मी टेप घेतली. घरातली जी खुर्ची आईला हात न टेकता उठायला जमते, तिची उंची मोजली आणि बघायला गेलेल्या प्रत्येक गाडीत जमिनीपासून मागच्या सीटच्या कडेपर्यंतचं अंतर मोजत गेलो. विकणारे चक्रावून बघायचे; ते बोनेट उघडून उभे आणि मी मागच्या दाराशी उकिडवा. सेडानची सीट त्या खुर्चीच्या एखाद-दोन इंच वर किंवा खाली येते, एवढं त्यातून कळलं. दुसरी गोष्ट दाराची. दार किती अंशांत उघडतं, पाय आत घेताना उंबरा किती ओलांडावा लागतो, आणि टपाचा उतार कुठून सुरू होतो. कूपेसारख्या मागे घसरत्या टपाच्या गाड्या दिसायला देखण्या असतात, पण आत शिरताना बाबांना मान वाकवावी लागली की ती गाडी बाद. अशा दोन-तीन सुंदर गाड्या त्यांनी चकार शब्द न बोलता, नुसत्या मान चोळून बाद केल्या.

नवी घ्यायचा विचार केला नाही असं नाही. स्लाव्हिया, व्हर्टस, व्हर्ना यांची मधली मॉडेल्स याच पैशांत येतात, वरून वॉरंटी. पण स्लाव्हियाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २६५१ मिलिमीटर, आणि २०१६ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या सुपर्बचा २८४१. फरक १९० मिलिमीटरचा, आणि त्याचा मोठा भाग मागच्या माणसाच्या गुडघ्यांपुढे येऊन पडतो. शिवाय पुढचं आणि मागचं चाक एकमेकांपासून जितकं लांब, तितकी खड्ड्यावरून जाताना गाडी कमी डचमळते. ज्याची पाठ दुखते त्याला हे पहिल्या किलोमीटरलाच कळतं.

मोठ्या सेडान नव्या घेणं आमच्या आवाक्यात कधीच नव्हतं. २०२३ मध्ये बंद झालेली सुपर्ब २०२४ मध्ये पूर्ण आयात होऊन परतली ती ५४ लाखांना. डिसेंबर २०२४ ची नवी कॅमरी ४८ लाखांपासून सुरू झाली, आणि हे दोन्ही शोरूमचे भाव. मधल्या काळात अकॉर्ड गेली, पसाट गेली, सोनाटा तर कधीच गेली. लोकांना उंच गाड्या हव्यात. त्यामुळे जुन्या मोठ्या सेडानला गिऱ्हाईक कमी, आणि जे कमी लोकांना हवंय ते स्वस्त मिळतं. हे माझ्यासारख्याच्या पथ्यावर पडतं.

यादीत तीन नावं उरली: मर्सिडीज ई-क्लासची २०१७ च्या आधीची पिढी, टोयोटा कॅमरी हायब्रिड आणि स्कोडा सुपर्ब. यातल्या दोन तर मराठी मातीतच जोडलेल्या, ई-क्लास चाकणला आणि सुपर्ब शेंद्र्याला. त्यानं भाव एक रुपयानंही कमी होत नाही, पण बाबांना ही माहिती फार आवडली आणि त्यांनी ती पुढे बऱ्याच जणांना दिली.

शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर उभी असलेली कुठलीही मोठी गाडी आरामदायीच वाटते. म्हणून आम्ही नियम केला: चाचणीला मी चालवणार, बाबा मागे डावीकडे बसणार, निदान अर्धा तास गाडीतून उतरायचं नाही, आणि त्यात वारज्याचा सर्व्हिस रोड नि कात्रजचा जुना घाट यायलाच हवा. विकणाऱ्यांपैकी काहींनी नाकं मुरडली. एकानं तर "साहेब, सेन्सॉर खराब होतात खड्ड्यात" असं सांगितलं. त्याची गाडी बघायचं आम्ही तिथेच थांबवलं.

ई-क्लासमध्ये बसल्यावर बाबा काही वेळ बोललेच नाहीत. दार लागतानाचा तो भरीव आवाज, मांडीला पुढपर्यंत आधार देणारी सीट, हळू वेगात खड्डा गिळून टाकणारं सस्पेन्शन. नुसत्या आरामाचे गुण द्यायचे तर ती पहिली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आमच्या पैशांत मिळत होत्या २०१३-१४ च्या गाड्या. दहा वर्षं ओलांडलेल्या अशा गाडीला झिरो डेप्रिसिएशनचा विमा मिळणं अवघड, म्हणजे भाग बदलायची वेळ आली तर घसाऱ्याचा वाटा आपल्या खिशातून. आमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांना मी पुढच्या सस्पेन्शनचं आणि ब्रेकचं काम निघालं तर काय खर्च येईल, एवढंच विचारलं. त्यांनी आकडा सांगितला आणि वर म्हणाले, "हे कंपनीत नाही हां, माझ्याकडे." शिवाय मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी, त्यामुळे मधल्या सीटपुढे उंचवटा. लेकीनं तिथे पाय कसे ठेवायचे याचा प्रयोग केला आणि सांगलीपर्यंत असं बसणार नाही असं जाहीर केलं.

कॅमरीचं दुःख वेगळं होतं. सुरू झाली तरी कळत नाही इतकी शांत. गर्दीत बॅटरीवर सरपटते तेव्हा आईला वाटलं मी गाडी बंद केली. सीट मऊ, सस्पेन्शन मऊ, गिअरचा झटका नावाला नाही. २०१९ ची पिढी तर मागच्यांसाठीच केलेली: मागची सीट विजेवर मागे कलते, हाताखालच्या आर्मरेस्टवर एसी आणि संगीताची बटणं. पण ती वीस लाखांच्या खाली कोणी सोडत नव्हतं. आमच्या पैशांत येत होती २०१३ ते २०१८ मधली, आणि त्या पिढीत हायब्रिडची बॅटरी मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीची जागा खाऊन बसलेली. आईची घडीची व्हीलचेअर मी प्रत्येक ठिकाणी सोबत नेत होतो. ती आत गेली की बॅगांना जागा उरेना. त्यात दहा वर्षांची बॅटरी अजून किती चालेल याचा भरवसा कोण देणार? चांगल्या चालतात असं ऐकतो, आणि माझा त्यावर विश्वासही आहे. पण बदलायची वेळ आली तर राखून ठेवलेले सगळे पैसे एका फटक्यात तिथे गेले असते.

सुपर्बच्या डिकीनं मात्र आम्हाला गार केलं. दिसायला सेडान, पण मागची काच डिकीच्या झाकणासकट वर उचलली जाते. जागा ६२५ लिटर. व्हीलचेअर आडवी, तिच्या शेजारी दोन मोठ्या बॅगा आणि वर सांगलीहून येणारी बेदाण्याची नि हळदीची पिशवी, सगळं राहतं. मागच्या सीटवर बाबांनी पाय ताणले तरी पुढची सीट गुडघ्याला लागेना. आराम ई-क्लासच्या एक पायरी खाली. लहान खड्डा थोडा कळतो. पण हमरस्त्यावर ती अशी सपाट धावते की तिथे मला ती जास्त आवडली.

आता कोणती सुपर्ब, हा खरा अभ्यासाचा भाग निघाला, आणि इथे मी इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त वेळ घालवला. पेट्रोलची १.८ टीएसआय १८० अश्वशक्तीची, झकास पळणारी. पण ऑटोमॅटिकमध्ये तिला सात गिअरचा, सुक्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स. डीएसजी गिअरबॉक्सच्या तक्रारींपायी २०१३ मध्ये चीनमध्ये स्कोडाची पालक कंपनी फोक्सवॅगनला पावणेचार लाखांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि त्या प्रकरणात मुख्य बदनामी झाली ती या सुक्या क्लचवाल्याची. त्याची ताकद झेलण्याची मर्यादा इतकी उघड की हेच इंजिन मॅन्युअल गिअरबरोबर ३२० न्यूटन-मीटर टॉर्क देतं आणि या ऑटोमॅटिकबरोबर मुद्दाम २५० वर आवळलेलं आहे. कागदावरचे हे दोन आकडे मला कुठल्याही जाणकारापेक्षा जास्त बोलके वाटले. पुण्याच्या रहदारीत, अर्ध्या क्लचवर पुढे-मागे करत, हा गिअरबॉक्स दहाव्या वर्षी मला नको होता.

डिझेलची २.० टीडीआय १७७ अश्वशक्तीची, तिला सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीएसजी. क्लच तेलात बुडालेले असल्यानं तापत कमी. त्याला एकच पथ्य, दर साठ हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचा. आणखी एक विचार होता. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि २०१६-१७ च्या गाड्या बनताना ते डोळ्यांपुढे नव्हतं. डिझेलवर शिक्का बसला तो तिथेच.

त्याच्याही आधीची, २०१५ पर्यंतची डिझेल सुपर्ब सात-आठ लाखांत मिळत होती आणि मोह पडला होता. पण तिच्यात धुराच्या चाचण्यांतल्या फसवणुकीमुळे गाजलेलं ते ईए-१८९ इंजिन. २०१५ च्या शेवटी आपल्या पुण्याच्याच एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं चाचण्या केल्यावर फोक्सवॅगन गटानं भारतात ३,२३,७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलासाठी परत बोलावल्या, त्यात स्कोडाही होत्या. गाडी म्हणून ती वाईट नव्हे. फक्त वय आमच्या बेताच्या पलीकडचं होतं.

मॉडेल ठरलं की अर्धं काम झालं असं लोक म्हणतात. माझ्या हिशेबानं तेव्हा ते सुरू होतं. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत दोन मॉडेलांपेक्षा जास्त अंतर असतं. एका गाडीला मालकानं हौसेनं १९ इंची अलॉय चढवले होते, २३५/३५ चे टायर. २१५/५५ च्या टायरची कड सुमारे ११८ मिलिमीटर असते, या हौशी टायरची ८२. रबराची गादी जवळजवळ दीड इंचानं पातळ झाली की तीच गाडी बैलगाडीसारखी आपटते. बाबा कात्रजपर्यंतसुद्धा आले नाहीत. जुनी गाडी कडक वाटली तर मॉडेलला नावं ठेवण्याआधी चाकं बघावीत.

दुसऱ्या एका चकचकीत गाडीचं मीटर पंचेचाळीस हजार दाखवत होतं, पण ब्रेकचं पॅडल आणि स्टीअरिंगचं चामडं लाखभर किलोमीटरचं झिजलेलं. काकांनी स्कॅनर लावला. मीटर मागे घेणारे समोर दिसणारा आकडा बदलतात. बाकीच्या कंट्रोल युनिटांत राहिलेली नोंद बऱ्याचदा विसरतात. तिथे वेगळाच आकडा होता. विकणाऱ्यानं आश्चर्याचा अभिनय बरा केला.

पुराची गाडी ओळखायला आम्हा सांगलीकरांना शिकवावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्या भागात गाड्या टपापर्यंत बुडालेल्या पाहिल्या आहेत, आणि त्यातल्या काही नंतर धुऊन-पुसून कुठे गेल्या असतील याची कल्पना करता येते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा. तळाच्या भागात गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे स्क्रू, स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, कार्पेटच्या खालचा फोम बघायचा. आणि आत बसून काचा लावून एसी न लावता वास घ्यायचा. आई या कामात सगळ्यांत तरबेज. एका गाडीत ती नुसती दार उघडून म्हणाली, "नको रे ही," आणि परत रिक्षाकडे निघाली.

दिल्ली पासिंगच्या गाड्या दोन-अडीच लाखांनी स्वस्त दाखवतात. कारण उघड आहे: तिथे डिझेल गाडीच्या दहा वर्षांच्या मर्यादेचा मुद्दा हरित लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गाजलाय, म्हणून लोक मुदत जवळ आली की काढून टाकतात. पण ती इथे आणायची तर तिकडची एनओसी, इथला रोड टॅक्स पुन्हा, आणि महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला करच मुळात १५ टक्के; वयाप्रमाणे घटून येतो तरी जड. एजंट म्हणतो "सगळं करून देतो". मी एम.एच. पासिंगशिवाय बघायचंच नाही असं ठरवलं आणि डोकं शांत झालं.

शेवटी मिळाली ती २०१७ ची, एका डॉक्टरांकडची, पहिल्या हातातली. बहात्तर हजार चाललेली. मला पटवलं ते त्यांच्या फाइलनं. दर सर्व्हिसचं बिल, साठ हजारांना डीएसजीचं तेल बदलल्याची नोंद, टायर कधी घेतले त्याची पावती. टायरवरच्या चार आकड्यांतून आठवडा आणि वर्ष कळतं, ते पावतीशी जुळलं. रंगाची जाडी मोजणारं यंत्र लावलं तर फक्त मागचा डावा दरवाजा पुन्हा रंगवलेला. तो कुठे घासला हे त्यांनी विचारायच्या आत सांगितलं होतं. सकाळी इंजिन गार असताना बघायला या, हा निरोपही त्यांनीच दिला. विकणाराच असं म्हणाला की निम्मी शंका जाते. पुढच्या दारातल्या कप्प्यांत स्कोडाच्या छत्र्या असतात. या मॉडेलच्या बघितलेल्या बहुतेक गाड्यांतल्या त्या गायब होत्या, इथे दोन्ही जागेवर. आईनं त्यातली एक उघडून पाहिली, आणि तिच्यापुरता व्यवहार झाला.

भाव मागितला सव्वापंधरा, ठरला चौदा चाळीस. घासाघीस करताना मी दोष काढत बसलो नाही. पुढच्या चाकांचे लोअर आर्मचे बुश आणि चारही टायर बदलायचे आहेत, त्याचं कोटेशन पुढे ठेवलं. डॉक्टरांना ते पटलं. माणसाकडून थेट घेतल्यानं मधल्याचा नफा नाही आणि त्या नफ्यावरचा जीएसटीही नाही.

कागदांचं थोडं सांगायला हवं, कारण इथे घाई करणारे पुढे वर्षभर फेऱ्या मारतात. गाडीवर आधी बँकेचा बोजा होता. कर्ज फिटलेलं होतं, पण आरसीवरून तो उतरवलेला नव्हता. फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी आल्याशिवाय मी टोकनपुढचे पैसे दिले नाहीत. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, परिवहनच्या ई-चलन पोर्टलवर दंडाचं चलन बाकी आहे का ते तपासलं. होतं, एक वेगमर्यादेचं, द्रुतगती मार्गावरचं. डॉक्टर ओशाळून हसले आणि तिथेच भरलं. विम्याचं लोकांच्या लक्षात येत नाही: नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो डॉक्टरांबरोबर गेला, आणि माझ्या जुन्या गाडीचा मी इकडे आणला. चौदा दिवसांत पॉलिसी नावावर करून घ्यायची असते, नाहीतर मधे काही झालं तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

राखून ठेवलेल्या पैशांतून आधी टायर घेतले, मूळ मापाचेच. दुकानदारानं रुंद सुचवले, ते ऐकले नाहीत. बुश, बॅटरी, ब्रेक फ्लुइड, एसीची सफाई. सगळं धरून, नावावर करण्याच्या खर्चासकट, अजून सव्वादोन लाख शिल्लक आहेत, ते मी गाडीचेच समजतो. टायमिंग बेल्टचं कोटेशन येऊन पडलंय.

सोसायटीच्या पार्किंगची चिंता मात्र खरी ठरली. गाडी ४.८६ मीटर लांब. आमच्या खांबांमध्ये ती बसते, पण डिकी पूर्ण उघडायची तर आधी थोडी बाहेर काढावी लागते. गेटवरचा स्पीडब्रेकर पाच जण बसल्यावर तिरपा घ्यावा लागतो. वॉचमनला ते पाठ झालंय, तो आता दुसरी गाडी थांबवून ठेवतो.

सांगलीला जाताना बाबा कराडला उतरले ते चहा हवा होता म्हणून. आईची तक्रार एकच: चामड्याच्या सीटवरून साडी घसरते, आणि ब्रेक लागला की ती इंचभर पुढे येते. सीट कव्हर घालू म्हटलं तर काकांनी अडवलं. सीटच्या कडेला एअरबॅग असतात, त्यांच्यावरून आवळून शिवलेलं कव्हर घातलं तर त्या उघडायच्या आड येतं. तेव्हा आता फक्त बसायच्या भागावर सोलापुरी चादरीची एक पट्टी कापून घातली आहे. लेकीला ती अजिबात आवडलेली नाही.